म्युलर आडनावाचे सगळे लोक एकाच घराण्यातले असतात का?

इंद्रायणी यांचा प्रश्न:

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून जर्मनीत, हेसन राज्यातल्या एका लहान गावी राहायला आलो. इथे पत्त्यात घराचा क्रमांक असतो, पण इमारतीतल्या सदनिकांना बहुधा क्रमांक नसतात. टपाल येते ते दारावरच्या घंटीखाली आणि पत्रपेटीवर लिहिलेल्या आडनावावर. आमच्या दारावर आठ घंट्या आहेत. त्यांपैकी दोन घंट्यांखाली 'म्युलर' लिहिले आहे आणि एकीखाली 'म्योलर'. दोन म्युलर कुटुंबांचा एकमेकांशी काहीही संबंध नसल्यामुळे त्यांना आडनावाआधी नावाचे आद्याक्षर लिहावे लागते आणि तरीही त्यांची पत्रे अधूनमधून अदलाबदल होऊन पडतात. मुलाच्या वर्गातही दोन म्युलर आहेत, तेही एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

म्युलर म्हणजे गिरणीवाला, धान्य दळून देणारा, एवढे मला जर्मनच्या पहिल्या वर्गातच कळले होते. माझे प्रश्न त्यापुढचे आहेत. हे सगळे लोक मुळात एकाच घराण्याचे का? 'म्योलर' आणि 'मिलर' ही वेगळी आडनावे आहेत की याच नावाची रूपे आहेत? आणि आपल्याकडे आडनावावरून जशी जात किंवा परंपरागत काम ओळखले जाते, तसे इथे कधी होते का? तळमजल्यावरच्या म्युलर आजींना मी हे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांच्या माहितीतल्या चार पिढ्या छपरे शाकारण्याचे काम करत होत्या आणि गिरणीशी कोणाचाच संबंध नव्हता. मग त्यांनी उलट मला विचारले, "तुमच्या भाषेत दळणाऱ्याचे आडनाव काय आहे?" मला सोनार, सुतार, लोहार, कुंभार, तेली, शिंपी सगळे आठवले, पण दळणाऱ्याचे आडनाव आठवेना. ते खरोखर नाही की मलाच ठाऊक नाही, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

---

शब्दशोधक यांचे उत्तर:

इंद्रायणीताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. म्युलर हे एका घराण्याचे नाव नाही. ते शेकडो गावांत एकमेकांपासून स्वतंत्रपणे जन्मलेले नाव आहे, त्यामुळे दोन म्युलर कुटुंबांत रक्ताचे नाते असेलच असे मानायला काहीच आधार नसतो.

जर्मन भाषक प्रदेशात दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत बाराव्या शतकापासून माणसांना दुसरे नाव लागू लागले. शहरे वाढली, एकाच गल्लीत चार-चार योहानेस आणि हाइनरिष राहू लागले, आणि कर, खरेदीखते व वारसाहक्क यांच्या नोंदी लिहिणाऱ्या कारकुनाला नेमका कोणता योहानेस हे कळण्याची गरज निर्माण झाली. पंधराव्या शतकापर्यंत ही नावे बहुतेक ठिकाणी वंशपरंपरेने चालू लागली होती. पूर्व फ्रीसलंडसारख्या भागात मात्र मुलाने वडिलांचे नाव लावण्याची जुनी रीत बराच काळ टिकली आणि तिथे कायमची आडनावे घेण्याची सक्ती नेपोलियनच्या अमलाखाली, १८११ मध्ये झाली.

आता म्युलरच इतके का, हा प्रश्न. जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारे आडनाव हेच आहे. टेलिफोनच्या नोंदींवरून काढलेल्या हिशेबात शंभर माणसांत जवळपास एक म्युलर भरतो. गावात सर्वांत जास्त माणसे शेतकरी होती, तर मग 'बाउअर', म्हणजे शेतकरी, हे आडनाव पहिले का नाही? कारण नाव वेगळेपण दाखवण्यासाठी पडते. ज्या गावात सगळेच नांगर धरतात, तिथे 'शेतकरी' म्हणून कोणालाही ओळखता येत नाही. दळणारा मात्र गावात एकच असे, फार तर दोन, आणि त्याच्याशी प्रत्येक घराचा संबंध येई. लोहाराचेही तसेच, म्हणून श्मिट हे आडनाव दुसऱ्या क्रमांकावर आहे. त्यानंतर श्नायडर (शिंपी), फिशर (कोळी), वेबर (विणकर), मायर (जमीनदाराचा कारभारी), वाग्नर (गाड्या आणि चाके करणारा सुतार), बेकर (भटारी), शुल्त्स आणि हॉफमान अशी यादी जाते. या दहांतले एकही नाव गावावरून किंवा वडिलांच्या नावावरून आलेले नाही. शुल्त्स म्हणजे गावचा मुख्य, जो मालकासाठी येणी गोळा करायचा आणि लहानसहान तंटे ऐकायचा. त्याला मराठीत आणायचे झाल्यास मी 'पाटील' याहून जवळचा शब्द सुचवू शकत नाही.

शब्दाचे मूळही पाहण्यासारखे आहे. हाताने फिरवायच्या जात्याला जुन्या जर्मन भाषेत 'क्विर्न' हा स्वतःचा शब्द होता. पाण्यावर चालणारी गिरणी रोमन लोकांकडून आली आणि येताना 'मोलिना' हा लॅटिन शब्दही घेऊन आली. त्यावरून 'म्यूल', म्हणजे गिरणी, आणि 'मोलिनारियुस' यावरून दळणारा तो म्युलर. उच्चाराबद्दल एक सूचना करतो: ओठ 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल करावेत आणि तोंडातून 'ई' म्हणावे, तो स्वर मिळतो. आपण मराठीत 'म्यु' लिहितो ती तडजोड आहे.

हाच स्वर प्रदेशाप्रमाणे बदलल्यामुळे रूपे निराळी झाली. उत्तरेच्या सखल प्रदेशातल्या बोलीत 'म्योलर' होते आणि हांबुर्ग व श्लेस्विग-होल्श्टाइन या भागांत ते आजही जास्त आढळते. सीमेपलीकडे डेन्मार्कमध्येही तेच. दक्षिणेत, स्वाबिया आणि बव्हेरियात, गोल ओठांचा स्वर सरळ 'इ' होतो, म्हणून तिथे 'मिलर'. म्युनिकचे 'डॉइचेस म्युझियम' १९०३ मध्ये स्थापन करणारे ओस्कार फॉन मिलर हे अस्सल बव्हेरियन मिलर होते, त्यांच्या नावाचा इंग्रजी मिलरशी संबंध नाही. हॉलंडमध्ये तेच 'मुल्डर' आणि 'मोलेनार', हंगेरीत 'मोल्नार', इटलीत 'मोलिनारी'. तेव्हा तुमच्या इमारतीतल्या म्योलर कुटुंबाचे पूर्वज कधीतरी उत्तरेकडून आले असावेत, एवढा अंदाज नावावरून करता येतो. त्यापुढचा करू नये.

आणखी एक. गिरणी फक्त पिठाची नसे. प्रवाहाच्या जोरावर तेल काढत, लाकूड कापत, लोकर कुटून घट्ट करत, कातडी कमावण्यासाठी ओकची साल भरडत. म्हणून 'लोम्युलर' हा साल भरडणारा, 'झेगम्युलर' हा लाकूड कापणारा. 'ओबरम्युलर' म्हणजे ओढ्याच्या वरच्या अंगाच्या गिरणीचा, 'नीडरम्युलर' म्हणजे खालच्या अंगाच्या. अशी जोडनावे साध्या म्युलरपेक्षा खूप अधिक सांगतात, आणि वंशावळ शोधणाऱ्याला ती सापडली की आनंद होतो.

---

जुने दप्तर यांचे उत्तर:

वरचे उत्तर नेमके आहे. तिसऱ्या प्रश्नाबद्दल मी लिहितो, कारण 'जर्मनीत व्यवसायावरून उच्चनीचता नव्हती' असा समज आपल्याकडे फार सहज करून घेतला जातो आणि तो चुकीचा आहे.

गिरणी हा सरंजामी हक्क होता. ओढ्याचे पाणी मालकाचे, गिरणी मालकाची, आणि पुष्कळ ठिकाणी आसपासच्या गावांतल्या कुळांवर ठरलेल्या गिरणीतच दळण नेण्याची सक्ती होती. दळणारा बहुतेक वेळा ती गिरणी खंडाने किंवा वंशपरंपरागत कराराने चालवी. त्याची दळणावळ पैशात नसे. आणलेल्या धान्यातूनच तो ठरलेला वाटा काढून घेई आणि अनेक ठिकाणी हा वाटा सोळावा हिस्सा असे. सगळा संशय तिथूनच उगवला. शेतकरी पोते भरून राय नावाचे धान्य किंवा गहू देई आणि परत नेई ते पीठ आणि कोंडा. दगडांच्या फटीत काही राही, काही हवेत उडे, धान्य ओलसर असेल तर वजन आणखी घटे. पण ज्याला दुसऱ्या गिरणीत जाण्याची मुभाच नाही, त्याला प्रत्येक घट ही चोरीच वाटणार. गिरणी ओढ्याकाठी, गावापासून दूर, रात्रीबेरात्री चालणारी. त्यामुळे दळणाऱ्याबद्दल शेजारच्या माणसासारखा विश्वास निर्माण होणेही कठीण होते.

याचा परिणाम असा झाला की जर्मनीच्या बऱ्याच भागांत दळणारे लोक 'अप्रतिष्ठित' धंद्यांत गणले गेले. त्यांच्या मुलांना सुताराच्या, सोनाराच्या किंवा विणकराच्या कारागीर-संघात शिकाऊ म्हणून घेण्यास नकार मिळे. पवित्र रोमन साम्राज्याच्या १५४८ आणि १५७७ च्या फर्मानांत लिनन विणणारे, न्हावी, मेंढपाळ, जकात घेणारे, वाजंत्री आणि दळणारे यांच्या मुलांना संघांत प्रवेश नाकारू नये असे स्पष्ट लिहावे लागले. एकच आज्ञा पुन्हा काढावी लागली, यावरून पहिली किती पाळली गेली ते उघड आहे. ज्या नावाला आज संपूर्ण देशात सर्वांत साधे आणि निरुपद्रवी मानतात, ते वागवणाऱ्या कित्येकांना एके काळी दारातून परत पाठवले जात होते, हे मला महत्त्वाचे वाटते.

तरीही तुमच्या प्रश्नातल्या तुलनेबाबत एक फरक नोंदवायला हवा. तो कलंक धंद्याचा होता, आडनावाचा नव्हता. आडनाव स्थिर झाल्यावर दोन-तीन पिढ्यांत म्युलरचा मुलगा छपरे शाकारू लागला आणि वेबरचा मुलगा गिरणी चालवू लागला. त्यामुळे नाव ऐकून धंदा ओळखण्याची सोयच उरली नाही. विवाह कोणाशी करायचा हे नावावरून ठरत नव्हते. तळमजल्यावरच्या आजींच्या घरी चार पिढ्या छपराचे काम होते, यात म्हणूनच काही विशेष नाही.

दळणाऱ्याची बाजूही सांगतो, कारण तो नेहमीच बलवान नव्हता. प्रशियात क्रिस्टियान आर्नोल्ड नावाच्या माणसाची पाणचक्की पोमर्त्सिग या गावी होती. तो भाग आज पोलंडमध्ये आहे. प्रवाहाच्या वरच्या अंगाला एका जमीनदाराने माशांसाठी तळी केली. आर्नोल्डचे म्हणणे असे की त्यामुळे चाकाला पाणी पुरेना, म्हणून खंड देता येत नाही. न्यायालये त्याच्याविरुद्ध गेली, गिरणीचा लिलाव झाला. प्रकरण राजा फ्रेडरिकपर्यंत पोहोचले आणि १७७९ मध्ये त्याने न्यायाधीशांनाच बडतर्फ करून तुरुंगात टाकले. राजाच्या मृत्यूनंतर त्या न्यायाधीशांना निर्दोष ठरवण्यात आले. यात कायदा कोणाच्या बाजूने होता यावर कायद्याचे अभ्यासक अजून लिहितात. मला त्यातला तपशील महत्त्वाचा वाटतो: ओढ्याला वरून कोणी हात लावला की खालच्या म्युलरचे घर उपाशी पडत होते.

दळणाऱ्यांच्या धंद्याने जर्मन भाषेला दिलेले एक वाक्य तुम्ही रोज ऐकत असाल. 'जो आधी येतो तो आधी दळतो', असे इथे रांगेत उभे असलेले लोक म्हणतात. ही म्हण तेराव्या शतकातल्या 'साक्सेनश्पीगल' या कायद्याच्या ग्रंथात नियम म्हणून आलेली आहे.

---

मृगाचा पाऊस यांचे उत्तर:

या आडनावाचा एक माणूस आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून त्याच्या घराबद्दल चार ओळी लिहिते.

मॅक्स म्युलर यांचा जन्म १८२३ मध्ये डेसाउ या गावी झाला. त्यांचे वडील विल्हेल्म म्युलर हे कवी होते. गिरणीत काम करणारा एक तरुण आणि गिरणीवाल्याची मुलगी यांच्यावरची त्यांची काव्यमालिका शूबर्टने १८२३ मध्येच संगीतबद्ध केली आणि ती आजही जगभर गायली जाते. नावाने म्युलर, कविता गिरणीवर. पण या विल्हेल्म म्युलरचे वडील शिंपी होते. म्हणजे आडनावाने गिरणीवाला, घरात सुईदोरा आणि मुलाच्या कवितेत पुन्हा गिरणी. मॅक्स यांच्या नामकरणात संगीतकार कार्ल मारिया फॉन वेबर हे धर्मपिता होते, आणि 'मॅक्स' हे नाव वेबर यांच्या संगीतिकेतल्या नायकावरून ठेवले गेले. वेबर म्हणजे विणकर, हे वर आलेच आहे. त्या संपूर्ण प्रसंगात नावाप्रमाणे काम करणारा एकही माणूस हजर नव्हता.

पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर, नुसते म्युलर हे आडनाव फारच सर्वसामान्य आहे असे वाटून, मॅक्स म्युलर यांनी 'मॅक्स' हा आडनावाचाच भाग करून टाकला. म्हणजे इंद्रायणीताईंच्या शेजाऱ्यांना घंटीवर आद्याक्षर लिहावे लागते, ती अडचण ऑक्सफर्डच्या प्राध्यापकालाही आली होती. सायणभाष्यासह ऋग्वेदाची त्यांची आवृत्ती १८४९ ते १८७४ या काळात सहा खंडांत निघाली आणि तिच्यासाठी त्यांनी स्वतःचे नाव संस्कृतात 'मोक्षमूलर' असे केले, जर्मनीला 'शार्मण्यदेश' आणि ऑक्सफर्डला 'गोतीर्थ' म्हटले. दळणाऱ्याच्या नावात मोक्षाचे मूळ शोधणारा हा अनुवाद मला फार आवडतो. भारतात ते कधीच आले नाहीत. तरी लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी राणीकडे केलेल्या अर्जावर म्युलर यांची सही होती, आणि त्यांनी पाठवलेली ऋग्वेदाची प्रत टिळकांच्या हाती तुरुंगात पोहोचली होती. पुण्यात आपण ज्या संस्थेत जर्मन शिकतो, तिच्या दारावर त्यांचेच नाव आहे, म्हणून हे लिहावेसे वाटले.

जाता जाता स्त्रियांच्या नावांबद्दल. अठराव्या शतकापर्यंत जर्मन कागदपत्रांत स्त्रीच्या आडनावाला 'इन' हा प्रत्यय लावत, म्हणून चर्चच्या जुन्या दप्तरांत 'म्युलरिन' अशी नोंद दिसली तर ते वेगळे आडनाव समजू नये. शिलरच्या एका नाटकाचे मूळ शीर्षक नायिकेच्या नावावरून 'लुइझे मिलरिन' असे होते. त्यातला बाप मिलर हा वादक आहे, आणि 'मिलर' हे रूप शिलरच्या स्वाबियन मातीतले आहे.

---

जुने दप्तर यांची पुरवणी:

दळणाऱ्याचे मराठी आडनाव या प्रश्नाचे उत्तर राहून गेले होते. माझ्या मते ते नाही, आणि नसण्याचे कारण घरातल्या जात्यात आहे. आपल्याकडे दळण ही घरातली गोष्ट होती. पहाटे उठून बायका जात्यावर बसत, त्या दिवसापुरते पीठ काढत आणि ओव्या म्हणत. गावाला दळून देणारा स्वतंत्र माणूसच नव्हता, म्हणून बलुतेदारांतही तो नाही. तेल मात्र घरी काढता येत नव्हते, त्याला घाणा आणि बैल लागे, म्हणून तेली आहे. पाणचक्की आपल्याकडे नव्हती असे नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की प्रसिद्धच आहे, पण तिथे दर्ग्यातल्या फकिरांसाठी पीठ दळले जाई. ती संस्था गावोगावी पोहोचली नाही. इंजिनावरची गिरणी खेड्यांत आली तोपर्यंत आपली आडनावे केव्हाच ठरून गेली होती.

एक नाव मात्र जात्याजवळ जाते. दगड घासून गुळगुळीत झाला की त्याला टाकी (छिन्नी) लावावी लागते. जात्याला टाकी लावणारे ते टकारी. दळणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच दप्तरात लागले नाही, तिचे जाते दुरुस्त करणाऱ्याचे मात्र लागले. म्युलर आजींना हे सांगितले तर त्यांना नक्की समजेल.

---

इंद्रायणी यांचे उत्तर:

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मध्ये पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवार आला. १९९४ पासून तो दिवस देशभर 'गिरणी दिन' म्हणून पाळतात आणि एरवी बंद असलेल्या जुन्या गिरण्या लोकांसाठी उघडतात. म्युलर आजींनाच घेऊन आम्ही शेजारच्या खोऱ्यातली एक पाणचक्की पाहायला गेलो.

आत शिरल्यावर आधी पायांना कळते, कारण सगळी लाकडी जमीन थरथरत असते. वरच्या मजल्यावरून धान्य दगडांत उतरते, पीठ कापडी नळीतून एका लाकडी पेटीत झटकले जाते, आणि पेटीच्या तोंडाशी लाकडात कोरलेला एक भयंकर चेहरा बसवलेला आहे. डोळे वटारलेले, जबडा उघडा, आणि त्या जबड्यातून कोंडा भळाभळा बाहेर पडतो. त्याला इथे 'कोंडा ओकणारा' अशाच अर्थाचा शब्द आहे. गिरणीत वाईट शक्ती येऊ नये म्हणून तो बसवत, असे तिथल्या गृहस्थांनी सांगितले. बाजूला एक जुना दगड उलटा करून ठेवला होता. मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या खाचा त्यावर टाकीने पाडलेल्या होत्या, आणि त्या पाहताना मला आजोळच्या जात्याची तळी आठवली. खाचांची मांडणी निराळी, पण काम तेच.

टकारी आणि जात्यावरच्या बायका यांच्याबद्दल मी आजींना तिथेच, त्या दगडाशेजारी उभे राहून सांगितले. त्यांनी विचारले, "रोज पहाटे? किती वेळ?" मी म्हटले, माझी पणजी दोन तास दळत असे, असे आई सांगते. त्या बराच वेळ दगडावरून हात फिरवत राहिल्या आणि मग म्हणाल्या की त्या हिशेबाने तुझी पणजीच खरी म्युलर, मी नव्हे.

निघताना गिरणी दाखवणाऱ्या गृहस्थांनी दळणाऱ्यांचे जुने अभिवादन केले, 'ग्ल्युक त्सू', म्हणजे सुदैव तुमच्याकडे येवो. आजींना तो शब्द ठाऊक नव्हता. गाडीत बसेपर्यंत त्या तो पुटपुटत होत्या, आणि काल सकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा 'गुटन मॉर्गन' ऐवजी त्यांनी तोच म्हटला.